नं. ३ बा., नं. ५ बा.

४ सप्टें., गुरु.
लातूर-नांदेड पहिली गाडी. लोह्यापर्यंत उभा. रिटायर माणसाला सीट मिळत नाही, सल्ले मिळतात.

विजयशेठच्या नांदेडच्या दुकानात पाच नव्या ठासणीच्या बंदुका आल्यात. सगळा शेतीसंरक्षण परवान्याचा माल. सोबत कंपनीचा कागद, 'तपासून पाठवल्या आहेत'. त्यांनी खरंच तपासल्या असत्या तर शेठने पोलीस शस्त्रागारातल्या म्हाताऱ्या आर्मोररला दर गुरुवारी कशाला बोलावलं असतं.

पाचही उघडल्या. नळीत उजेड टाकला, बुडाचा पेच काढून आटे बघितले. एकीत बोंब. पेचाचे जेमतेम अडीच आटे नळीत धरतात. उरलेली जागा कसल्यातरी राळेने भरून वरून पॉलिश मारलंय. दिसायला पाचांत हीच देखणी. भरल्या बारात असा पेच मागे सुटला की सरळ डोळ्यात, आणि तो बंदूक धरणाऱ्याच्या, डुकराच्या नव्हे. नोकरीत एकाचा पाहिलाय. त्यावर लिहीत नाही.

दुसरी एक नमुन्याला खदानीत नेली. टायरला बांधून लांबून दोरी ओढली, दुप्पट दारूचा बार काढला. टिकली.

सगळ्या परत जोडल्या. बाद मालाला बांधायचा लाल दोरा संपलेला. रजिस्टर लिहिणाऱ्या अर्चनाला नवं रीळ आणायला सांगितलं. तेवढ्यात लाइट गेली. साडेपाचची गाडी चुकायला नको म्हणून दस्त्यांवर खडूने खुणा केल्या आणि पळालो.

नं. १, २, ४ ठीक. नं. ३ बा. नं. ५ बा.

५ सप्टें., शुक्र.
कमलने मेथी सांगितली, मी शेपू आणला. ती म्हणाली, बंदुकांचे नंबर बरे लक्षात राहतात. शेपूच खाल्ला. वाईट नव्हता.

११ सप्टें., गुरु.


दुकानात गेलो तर नं. ३ आणि नं. ५ जागेवर नाहीत. अर्चना म्हणाली, विकल्या. सोमवारपासून पितृपंधरवडा, त्यात नवी वस्तू घेत नाहीत म्हणून दोन्ही गिऱ्हाइकं शनिवारीच आली. परवाने हातात, घाई. मी म्हणालो, अगं, दस्त्यावर खडूने बा. लिहिलं होतं.

"म्हणून तर दिल्या सर. बा. म्हणजे बार झाला ना? दोरीवर बार काढून बघितलेली. तुम्हीच म्हणता तीच सगळ्यांत खात्रीची."

बा. म्हणजे बाद, असं म्हणायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. कारण एक बाद होती आणि एकीचा बार झाला होता. दोन्हींवर मीच बा. लिहिलं. बाद असती तर दोरा असता, असं ती म्हणाली. तिचं काय चुकलं?

पिशवीतून ही वही काढली, तिच्यासमोर उघडली. नं. ३ बा. नं. ५ बा. अक्षर माझंच, आणि मलाच वाचता येईना.

नं. ३ नेली शेवंताबाईंनी, भोकरच्या पुढचं गाव. नवरा वारला, परवाना त्यांच्या नावावर झाला. नं. ५ नेली देवरावने, माहूरच्या अलीकडचा. दोघांतल्या एकाच्या डोळ्यासमोर तो अडीच आट्यांचा पेच आहे.

१२ सप्टें., शुक्र.
दिवसभर आठवतोय. तो पेच तळहातावर घेतला होता हे आठवतं. तेलाचा वास आठवतो. राळ नखाने खरवडली, नखात अडकली, गाडीत बसल्यावर काडीने काढली, हेही आठवतं. नंबर नळीवर असतो, डाव्या अंगठ्याखाली. अंगठा आठवतो. त्याच्याखाली काय होतं ते नाही.

शेठला फोन केला, दोन्ही परत बोलवा म्हणालो. ते म्हणाले, दोन्ही कशाला, खराब आहे ती बोलवू. दोन बोलवल्या तर दोघं वीस जणांना सांगतील. "तुम्ही आठवा की हो. सगळं दुकान तुमच्या भरवशावर चाललंय."

मग तर दुकानाचं कठीणच आहे.

१४ सप्टें., रवि.
पोलीस ठाण्यात लेखी द्यावं का? काय लिहू? 'सदर बंदूक धोकादायक असून ती कोणती हे सदर इसमास स्मरत नाही.' माझ्या हाताखाली शिकलेली पोरं तिथं अंमलदार आहेत. वाचून हसतील, नाहीतर हसणार नाहीत. न हसली तर जास्त वाईट.

खरं लिहायचं तर भीती वाटते. त्या दोघांच्या डोळ्याची वाटते, आणि माझ्या डोक्याची. थोरले भाऊ देवणीत शेवटी शेवटी बैलांना पोरांच्या नावाने हाका मारायचे.

१८ सप्टें., गुरु.
दोन्हीकडे फोन लागले एकदाचे.

देवरावच्या बायकोने उचलला. तो माहूरला, गडाच्या पायथ्याशी नवरात्रासाठी नारळ-प्रसादाचं दुकान मांडायला गेलाय. बंदूक कपाटात, चावी त्याच्या करदोट्याला. हायसं वाटलं. दसरा होईस्तोवर ती बंदूक कपाटाबाहेर येत नाही.

शेवंताबाई मात्र खूश. चार बार वाजवले म्हणाल्या, मक्यात डुकरं येतात त्यांच्यासाठी. आवाज लई भारी हाय. छर्रे घातले होते का विचारलं. नाही, चिमूटभर दारू आणि चिंध्या, नुसता आवाज. म्हणजे त्या चार बारांवरून काहीच कळत नाही. चिमूटभर दारूत बाद पेचसुद्धा टिकतो. मी म्हणालो, आता वाजवू नका, धोका आहे.

"मंग डुकरायला हाकलाया तुमी येता का?"

 फोन त्यांनीच ठेवला.

२४ सप्टें., बुध.
पाऊस उघडायचं नाव नाही. अहमदपूरपाशी पाणी रस्त्यावर, गाडी परत फिरली. कमल म्हणते, एवढी घालमेल करून घेऊन तुम्हीच आजारी पडाल. बरोबर आहे. पण घालमेल करायची नाही म्हणजे काय करायचं, हे ती सांगत नाही.

२६ सप्टें., शुक्र.
पोचलो भोकरला, तिथून टमटमने त्यांच्या गावी.

शेवंताबाई पन्नाशीच्या, काटक. मी अक्का म्हणालो तर हसल्या. अक्का म्हन्ता म्हंजे देवनी-उदगीरकडले दिसता. चहा दिला, पोहे दिले, मग समोर बसून सगळं ऐकून घेतलं.  शेवटी विचारलं,

"म्हंजे मपली खराब हाय का न्हाई?"

माहीत नाही, म्हणालो.

"तुमाला म्याईत न्हाई तर मंग कोनाला म्याईत हाय?"

पाना नेला होता. पेच फिरवून बघितला, हलला नाही. नीट बसलेला पेचही हलत नाही आणि राळेने जाम झालेलाही हलत नाही. शेगडीवर धरून तापवल्याशिवाय, दुकानातल्या शिकंज्यात आवळल्याशिवाय उघडणार नाही. मी म्हणालो, दुकानात जमा करा, पावती देतो, आठवड्यात परत.

जमा हा शब्द ऐकला आणि बाई बिथरल्या. नवऱ्याची जुनी बंदूक इलेक्शनला ठाण्यात जमा केली होती. परत आली ती नळी गंजलेली, घोडा मोडलेला. त्याचीच हाय खाऊन ते खचले, असं त्यांचं म्हणणं. आता हत्यार घराबाहेर जाणार नाही.

 दसऱ्याला गावाच्या शिवेवर पहिला बार काढायचा मान त्यांच्या घराचा. बंदूक नाही म्हणून दोन वर्षं बार झाला नाही. यंदा त्या स्वतः काढणार. चिमटीचा नाही, पुरा. दसऱ्याला दुप्पट दारू ठासायची असते.

मी आवाज चढवला. डोळा जाईल म्हणालो.

"डोळा मपला हाय, हवालदारसाहेब."

 उठलो. चपला घालताना त्यांनी पिशवीत चार कणसं टाकली.

२७ सप्टें., शनि.
कणसं भाजली. गोड आहेत. रागही येतो बाईचा आणि नाहीही येत.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
परत गेलो. काल ठरवलं होतं की काही करून बंदूक हातात घ्यायची, हातापाया पडायचं, भोकरच्या एखाद्या वेल्डिंगवाल्याच्या शिकंज्यात आवळून उघडायची. वार डोक्यात होता, तिथी नव्हती.

दारातून बघितलं तर पाटावर विळे, कोयता, नांगराचा फाळ, फवारणीचा पंप, आणि मधोमध नं. ३. नळीला हळदकुंकू, झेंडूची माळ. आज हत्याराला हात नाही. उद्या दुपारी आरती झाली की हलवायची.

"तुमी तर पोलीसवाले. तुमाला सांगाया पायजे का?"

नको. एकतीस वर्षं या दिवशी शस्त्रागारात आम्हीही एक कुलूप उघडलं नाही. साहेबांचा फोन आला तरी पूजा झाल्याशिवाय नाही. जो नेम मी पाळला त्यानेच आज माझी वाट अडवली. पाटासमोर बसून राहिलो, नमस्कार केला. काय मागावं ते कळेना.

शेवटी तडजोड. उद्या शिवेवर आधी मी दोरीने बार काढणार. टिकली तर दुसरा त्यांचा. बाई हाव म्हणाल्या. मुक्काम भोकरला, लॉजवर.

२ ऑक्टो., गुरु. दसरा.
शिवेवर बाभळीखाली ट्रॅक्टरचा टायर मांडला, बंदूक आवळून बांधली, चाळीस फूट दोरी. दारू मी ठासली, दुप्पट. सगळं गाव बांधाआड. एक म्हातारा म्हणाला, यंदा बंदुकीलाबी दावं लावलं का. लोक हसले. मीही हसलो, पोटातून नाही.

दोरी ओढताना मनात काय आलं ते इथं लिहितो, दुसरीकडे कुठं बोलायचं नाही. फुटावी, असं वाटलं. मनापासून वाटलं. फुटली असती तर कुणाला इजा नव्हती आणि मला कळलं असतं. बाईचा मान, नवी बंदूक, वर्षाचा सण, सगळ्यावर पाणी पडावं अशी इच्छा केली मी, भर दसऱ्याला.

नाही फुटली. बार झाला, धूर निघाला, बगळे उडाले.

रॉकेलने पुसली, वर खडू घासला. भेग असेल तर रॉकेल पाझरून काळी रेघ उठते. रेघ नाही. पण अडीच आट्यांना भेग लागतच नाही. ते एकदा धरतात, दोनदा धरतात. हेच सांगायला मान वर केली तर बाईंनी बंदूक सोडवून घेतली होती. ठरल्याप्रमाणेच. त्यांनी ठासली, खांद्याला लावली. मी डोळे मिटले. आर्मोरर असून मिटले.

तेव्हाही टिकली. बाई रडत होत्या. नवऱ्याचं नाव घेतलं कुणीतरी. मला आपट्याची पानं दिली, म्हणाल्या, आता तरी निवांत झोपा.

येताना गाडीत हिशोब लावला. नं. ३ चांगली, म्हणजे नं. ५ बाद. देवरावचा फोन बंद.

३ ऑक्टो., शुक्र.
लागला. देवराव आनंदात. काल गडावरून दुपारीच घरी आला आणि गावात तीन बार काढले. छर्रे भरून, लिंबाच्या झाडावर. एकदम बेस हाय म्हणाला, अर्चनाबाईनं पारखून दिली.

दोन्ही टिकल्या. म्हणजे काहीच कळलं नाही. कळलं एवढंच की दोघांचाही बंदुकीवर विश्वास बसला आणि माझ्यावरचा उडाला. आता दोघं पुरी दारू घालणार. आधी बरं होतं.

४ ऑक्टो., शनि.
कमलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, कदाचित बाद नव्हतीच कुठली. तुम्हाला उगीच वाटलं असेल.

क्षणभर मलाही पटलं. किती बरं झालं असतं. मग वही काढून चार सप्टेंबरचं पान तिला दाखवलं. 'एकीत बोंब.' तिने वाचलं आणि वही मिटून माझ्या हातात दिली.  एक बंदूक बाद आहे हे आता मला आठवतं म्हणून खरं नाही, वहीत आहे म्हणून खरं.

५ ऑक्टो., रवि.
ठरवलं. खोटं बोलायचं. दोघांना वेगवेगळं सांगायचं, आठवलं बरं का, तुमचीच बाद. दोघांतल्या एकाला तरी ते खरंच असेल.

देवरावला सांगितलं. त्याने लगेच मान्य केलं. आठवलं म्हन्ता तर आनतो की गुरुवारी. इतक्या सहज की मला लाज वाटली. पण गुरुवारला अजून चार दिवस आहेत.

शेवंताबाईंचा फोन लागला नाही.

शेठला सांगितलं की नं. ५ची आठवण झाली. ते खूश. "मग भोकरवाल्या बाईला आता कशाला त्रास द्यायचा? तिची चांगलीच आहे ना?" माझ्याच खोट्याने मला धरलं. हो म्हणावं तर बाईचा डोळा जाईल, नाही म्हणावं तर आठवलं कसं? मी म्हणालो, बघतो.

६ ऑक्टो., सोम. कोजागिरी.
बाईंचा फोन लागला. म्हणालो, अक्का, पक्कं आठवलं. तुमचीच.

 म्हणाल्या, त्या दिवशी तुमी म्याईत न्हाई म्हन्ले, शिवेवर गप बसले, आता आठवलं? विचार करून सांगते म्हणाल्या.

दूध आटवलं होतं. गेलं नाही.

७ ऑक्टो., मंगळ.
दुपारी तीनला त्यांचाच फोन.

"माहूरच्या आईची शप्पत घ्या. मपलीच खराब हाय म्हना. उद्याच आनून देते, जमा तर जमा."

नोकरीत कोर्टात कितीदा शपथ घेतली. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. तेव्हा आठवायची गरज नव्हती, पंचनामा असायचा. इथं कमल दारात उभी राहून बघत होती. तिने मान हलवली. हो की नको, ते कळलं नाही.

घेतली. आईची शपथ, अक्का, तुमचीच.

 आता ही शपथ खरी ठरायची तर बाईची बंदूक बाद निघायला हवी. आणि बाद निघावी असं मागायचं तर ती उद्या शिकंज्यात उघडेपर्यंत कुणाच्या खांद्याला लागता कामा नये.

बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. बरं भाऊ म्हणाल्या, पहिल्यांदाच भाऊ. तुमी एवढी शप्पत घेतली, मी आनते. सकाळच्या गाडीनं निघते.

मी आभार मानत होतो तेवढ्यात म्हणाल्या,

"आजकाल कळप लई शिरून राहिला मक्यात. आता हत्यार चार दिस न्हाई म्हंजे आज दोन चांगले ठासून काढते, छर्रे घालून. दचकले पायजेत."

अक्का, नको, म्हणालो. ऐकू गेलं की नाही माहीत नाही. तिकडून फोन ठेवलेला.

परत लावला. व्यस्त. परत लावला. बंद. गावच्या पोलीस पाटलांचा नंबर अर्चनाकडून घेतला, ते बैठकीला नायगावला गेलेत. सांगतो म्हणाले कुणालातरी.

हे लातूरच्या स्टँडवर बसून लिहितोय. पावणेपाच. नांदेडची गाडी फलाटाला लागली आहे, कंडक्टर अजून आलेला नाही. भोकरला पोचायला नऊ वाजतील. डुकरं कधी येतात ते मी बाईंना विचारलंच नव्हतं.